आडवा ठेवलेला रिसीव्हर

त्या वर्षी गावातली माणसं मला नावानं हाक मारेनाशी झाली होती. मी रस्त्यानं दिसलो की "लाइन नाही लागून राह्यली" एवढंच म्हणत. दुकानाच्या पायरीवरून म्हणत, कापसाच्या गाडीवरून म्हणत. एकदा तर मी लग्नाच्या पंगतीत बसलो असताना वाढणाऱ्यानं भाताचं भांडं तसंच हातात धरून मला ते ऐकवलं होतं, आणि भात मात्र पुढच्याच्या पानात वाढला होता. वय सव्वीस-सत्तावीस, आयटीआय केलेलं, टेलिफोन खात्यात सरकारी नोकरी, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होतीच. माझ्या एक्सचेंजला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं.

गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथपासून जरा आत. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. पंचायतीच्या मागच्या एका खोलीत टेलिफोन एक्सचेंज आलं होतं. कपाटाएवढं यंत्र, शेजारी बॅटऱ्यांची रांग, आणि एक पंखा, तोही माझ्यासाठी नाही, यंत्रासाठी. गावात साठ-सत्तर फोन होते. ते आपापसात बोलत तोवर काही अडचण नसे. पण गावाबाहेर बोलायचं, किंवा बाहेरून कोणाला गावात बोलायचं, तर आदिलाबादपर्यंत फक्त चार वाटा होत्या. खात्यात त्यांना जंक्शन म्हणत. एका वेळी चारच माणसं बाहेरच्या जगाशी बोलू शकत. पाचव्यानं नंबर फिरवला की यंत्र काही सेकंद रिकामी वाट शोधत राही आणि नाही मिळाली की कॉल सोडून देई. माणसाला आधी नुसती शांतता ऐकू यायची, मग टूं टूं टूं. आणि मग तो माणूस मला शोधत यायचा.

सुरुवातीला कधीमधी होणारी ही गोष्ट दिवाळीनंतर रोजची झाली. रविवारी तर सकाळपासून दुपारपर्यंत बाहेरचा एक फोन धड लागत नसे.

आता घरचं सांगतो. वडील वांगी-टोमॅटोचा मळा करायचे. मला एकच बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होते. ते तिथं आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहत, त्यामुळे लग्नाला तीन वर्षं होऊनही अक्काचा संसार कधी सासरी गावात, कधी आमच्याकडे, असा चालला होता. दसऱ्याला दाजी तिला आमच्याकडे सोडून गेले. जाताना अंगणात उभं राहून म्हणाले, "क्वार्टर मिळालं की फोन करतो. मग ये." त्या एका फोनवर तिचं सगळं अडलं होतं.

आमच्या घरी फोन नव्हता. गावचे फोन माझ्या हातात असले तरी नव्या फोनच्या यादीत माझा नंबर फार खाली होता. एक्सचेंजमधला फोन खात्याच्या कामाचा, आणि मी लाइनवर गेलो की त्या खोलीला कुलूप. म्हणून दाजींना बसस्टँडसमोरच्या बी-बियाण्याच्या दुकानाचा नंबर दिला होता. दिवाळीपर्यंत दर रविवारी दहाच्या सुमारास फोन आला. दुकानदार शेठजी स्वतः गल्लीच्या तोंडाशी येऊन हाळी देत आणि अक्का पदर सावरत जवळजवळ पळत जाई. परत यायची तेव्हा आम्ही विचारायच्या आधीच सांगायची, "अजून नाही भेटलं क्वार्टर. भेटन म्हंते."

मग फोन यायचा थांबला. एक रविवार गेला, दोन गेले, चार गेले. तिनं दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. पण दाजींना लिहायचा कंटाळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. अक्का म्हणाली, "ते लावत असन. तुयी लाइनच लागत नसन."

"हाव," मी म्हणालो. "लाइनच बेकार झाली."

बाहेर कोणी हे बोललं असतं तर मी भांडलो असतो. तिच्यापुढे मात्र मी ते मान्य करायचो, आणि खोटं कशाला सांगू, मान्य करताना मला बरं वाटायचं. कारण दुसरं जे काही असू शकत होतं ते विहिरीवरच्या बायका बोलू लागल्या होत्या. आईच्या कानावर ते आलं होतं.  एकदा ती वडिलांना म्हणाली, "तिले नेऊन सोडून येता का बेल्लमपल्लीले?" वडील म्हणाले, "बोलावल्याबिगर जानं बरं नाही. क्वार्टर भेटलं की तो सांगनच ना." वडिलांचा आपल्या जावयावर आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या यंत्रावर विश्वास होता.

मी यंत्राच्या मागे लागलो. बॅटऱ्यांचं पाणी तपासलं. सर्किटची कार्डं काढून पुसून परत बसवली, या जागेवरची त्या जागेवर घालून पाहिली. ओढ्याजवळ केबलच्या जोडात ओल शिरली होती, तो जोड उघडून नवा केला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकून चार बादल्या पाणी ओतलं. जोड बदलल्यानं एक झालं, लाइनवरची खरखर गेली. आवाज इतका स्वच्छ यायला लागला की पलीकडचा माणूस शेजारच्या खोलीतून बोलतोय असं वाटे. पण लागत नव्हता तो फोन लागत नव्हताच.

आदिलाबादहून साहेब जीपनं आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, यंत्राला हात न लावता त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मशीन तो ठीक है. तुम क्या करते रहते हो दिन भर?" या महिनाअखेर तक्रारी थांबल्या नाहीत तर वर लिहावं लागेल, असंही सांगून गेले. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. अक्कानं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "यंत्रावरचा राग भाकरीवर काऊन काढतं?"

पुढच्या रविवारी ती एक्सचेंजवर आली. फोनची वाट पाहत दर रविवारी दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर झेलायचा तिला कंटाळा आला होता. फोन आलाच तर शेठजी तिथून हाक मारणार होते, दुकान समोरच होतं. ती स्टुलावर बसली आणि मला विचारलं, "बेल्लमपल्लीचा फोन यातून कुठून येते?"

यंत्रावर चारही वाटांचे चार बारीक लाल दिवे होते. वाट वापरात असली की तिचा दिवा लागायचा, फोन संपला की विझायचा. मी ते दाखवून म्हणालो, "या चारांतून कुठूनबी."

चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी ती त्या दिव्यांकडे बघत बसली. मी मागं बॅटऱ्यांशी काहीतरी करत होतो. तासाभरानं तिचा आवाज आला, "तिसरा दिवा मघापासून जळूनच राह्यला. एकदाबी विझला नाही. इतकं कोन बोलते?"

"बोलत असन कोनी व्यापारी."

"इतकं तर लग्न जमवतानाबी कोनी बोलत नाही," ती म्हणाली. "पहिलाबी तसाच हाय."

मला जरा रागच आला. आयटीआय मी केलेलं, साहेबांची बोलणी मी खाल्लेली, आणि दिवे बघून ही मला सांगणार. तरी तपासणीचा हँडसेट काढला आणि तिसऱ्या वाटेला लावला. कोणी बोलतच नव्हतं. तराजूचं पारडं टेकल्याचा आवाज आला, कोणीतरी पावशेर शेंगदाणे मागितले, एक म्हातारा खोकला. पहिल्या वाटेला लावला, तिथं कोणी अंगण झाडत होतं आणि लांबून कोंबड्या ऐकू येत होत्या. चौथ्या वाटेवर नुसतं घड्याळ टिकटिकत होतं. चारपैकी तीन वाटा अडलेल्या, आणि तिन्हींवर माणूस नाही.

दोन महिने मी जे शोधत होतो ते यंत्रात नव्हतंच. ते आमच्या वागण्यात होतं. गावात एखाद्या दुकानात किंवा घरात फोन, आणि तो येतो तो मात्र शेजारच्या गल्लीतल्या, कधी मळ्यातल्या माणसाला. फोन उचलणारा म्हणतो, "धरा, बोलावतो," आणि रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून निघतो. ज्याला बोलवायचं तो आंघोळीला बसलेला असतो. बायका तर फोनवर बोलायला जायचं म्हणून लुगडं बदलून यायच्या. तोवर पलीकडचा माणूस कानाला फोन लावून मुकाट थांबतो. आदिलाबादहून बोलणाऱ्याला तसं थांबायला फार पैसे पडतही नसत. "दहा मिनिटांनी करा" म्हणून फोन खाली ठेवणं आमच्याकडे कोणाच्या मनातही यायचं नाही. आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटायचं ते. या चांगुलपणात चारही वाटा तासतास गुंतून पडत होत्या आणि यंत्र बिचारं बाकी सगळ्यांचे कॉल सोडून देत होतं.

अक्काला मी हँडसेट ऐकवला. तराजू, कोंबड्या आणि घड्याळ ऐकून ती हसायला लागली, मीही हसलो. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती. मग हँडसेट परत देत म्हणाली, "म्हंजे त्याईचा फोन येतच असन. वाटच भेटत नसन."

"नाही तर काय," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. आज वाटतं, तेव्हा जिभेला जरा आवर घालायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरलो. हात जोडून सांगितलं की बाबांनो, माणूस जवळ नसला तर फोन खाली ठेवा, समोरच्याला अर्ध्या तासानं करायला सांगा. लोकांनी चहा पाजला, मान डोलावली आणि रविवारी रिसीव्हर परत आडवे ठेवले. शेठजींनी तर मलाच ऐकवलं, "लोकाईच्या लेकीबाईचा फोन येते माझ्या दुकानात. मी ठेवून देऊ? तुयी अक्का असती तं?"

मग मी जे केलं त्याचा मला फारसा अभिमान नाही. दोन-तीन रविवार मी हँडसेट घेऊन यंत्रासमोर बसून राहिलो. दिवा बराच वेळ जळत राहिला की कान लावायचा, कोणी बोलत नसेल तर लाइन तोडायची. कोणी बोलतंय की नाही हे कळायला ऐकावं लागतंच, आणि ऐकलं की पोटभर ऐकू येतं. त्या काळात लोकांच्या घरातलं जे माझ्या कानावर पडलं ते कोणाला सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही. लोक चिडले. एका म्हातारीनं एक्सचेंजच्या दारात येऊन मला शिव्या दिल्या, तिच्या लेकाचा फोन ती घरातून दुकानापर्यंत पोचेतोवर मी तोडला होता. मी तिला म्हणालो, "आजी, तुमच्या एका फोनापायी दहा जनाईचे अडतात." ती म्हणाली, "मले दहा लेकरं नाहीत." 

पण उपाय लागू पडला. महिन्याभरात माणसं "अर्ध्या तासानं करा, बोलावून ठेवतो" म्हणायला शिकली. दिवे लागू लागले, विझू लागले. साहेबांनी आदिलाबादहून फोन करून "अच्छा काम किया" म्हटलं, तेही पहिल्या प्रयत्नात लागलेल्या फोनवर. रस्त्यात लोक मला पुन्हा नावानं हाक मारू लागले. मी छाती काढून चालत होतो.

अक्का पुन्हा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसू लागली. आता फोन येणारच होता, त्यामुळे तिला कोणाच्या नजरेचं काही वाटत नव्हतं. पहिल्या रविवारी ती जरीकाठाचं लुगडं नेसली. त्या सकाळी फोन सारखा वाजत होता. शेठजींनी मला नंतर सांगितलं, दर वेळी घंटा झाली की ती उठून उभी राहायची, आणि शेठजी फोन कानाला लावून मान हलवत. पुतण्याचा, खताच्या कंपनीचा, नार्नूरच्या व्यापाऱ्याचा, शाळेच्या मास्तरांचा, सगळ्यांचे फोन आले. दुसऱ्या रविवारी तसंच झालं. तिसऱ्या रविवारी ती उभी राहिली नाही, बसूनच शेठजींकडे बघायची. "तिच्याकडे पाहून मले फोन उचलायची भीती वाटते," शेठजी म्हणाले. 

त्याच आठवड्यात गावातल्या दुसऱ्या एकाचा भाऊ बेल्लमपल्लीहून दोनदा बोलला होता. मला ते माहीत होतं. लाइन मीच पाहिली होती. मी घरी काही बोललो नाही.

चौथ्या रविवारी ती दुकानात न जाता सरळ एक्सचेंजवर आली. रोजचंच लुगडं होतं. तिच्या हातात दाजींनी दिलेला तिकडचा नंबर होता, क्वार्टरांजवळच्या एका पानवाल्याचा. वेळेला लागला तर म्हणून दिलेला. ती म्हणाली, "इथली लाइन तं चांगली झाली. तिकडची खराब असन. तू एकदा लावून पाय."

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "पाहतो."

नंबर फिरवताना मी मनात म्हणत होतो, लागू नको. इतके महिने फोन लागावा म्हणून मी मीठ, कोळसा, कार्डं आणि लोकांच्या शिव्या सगळं केलं होतं, आणि आता देवाकडे मागत होतो की हा एक लागू नये. पहिल्याच झटक्यात लागला. पलीकडे दोनदा घंटा वाजली आणि कोणीतरी उचलला.

मी दाजींचं नाव सांगितलं. पानवाला म्हणाला, "रुको, बुलाता हूं. सामने ही तो क्वार्टर मिला है उनको."

आणि त्यानं रिसीव्हर आडवा ठेवला. रेडिओ चालू होता. कोणीतरी सुपारी कातरत होतं. कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. अशा कितीतरी लाइनी मी तोडल्या होत्या, ही तोडायला माझा हात उठला नाही. अक्का माझ्या खांद्याजवळ उभी होती. त्या काळच्या रिसीव्हरचा आवाज बाहेरही येई आणि आमची लाइन आता फार स्वच्छ झाली होती. तिला तेव्हा किती ऐकू आलं हे मी तिला कधी विचारलं नाही.

पावलं जवळ आली. दाजींचा आवाज मी ओळखला. "किधर से है?"

"बोथ साइड से बोल रहे."

क्षणभर नुसता रेडिओ ऐकू आला. मग दाजी हळू आवाजात म्हणाले, "नहीं है बोल दे."

"काय म्हंतात?" अक्कानं विचारलं.

"लाइन कटली," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. मी रिसीव्हर घट्ट धरून ठेवला होता. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तो कानाला लावला. तेवढ्यात पानवाला परत आला असावा, कारण ती ऐकत राहिली आणि मग बाजारात बोलतात तशा हिंदीत, सावकाश म्हणाली, "ठीक है. उनको बोलो, क्वार्टर मिला, अच्छा हुआ."

तिनं रिसीव्हर खाली ठेवला. मला इतकी लाज वाटत होती की जणू ते शब्द दाजींचे नव्हते, माझेच होते. लाइन बिघडलेली होती तोवर तिच्याजवळ सांगायला काहीतरी होतं, घरी, विहिरीवर, स्वतःला. ते मी महिनाभर खपून, लोकांच्या शिव्या खाऊन काढून घेतलं होतं, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. मला रडू येत होतं आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. ती म्हणाली, "चल. मायनं भाकरी टाकल्या असन."

आम्ही घरी आलो. आई दारातच बसून तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "लागला का फोन?"

"नाही लागत," मी म्हणालो. "लाइन पुन्हा बिघडली."

अक्का चप्पल काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खोटं काऊन बोलून राह्यला? तू चांगली केली लाइन." आणि आईच्या शेजारी बसून तिनं सुपातले तांदूळ स्वतःकडे ओढून घेतले.